११२, पोलीस कंट्रोल की फायर कंट्रोल? आपत्कालीन कॉलच्या कामात कुठली खुर्ची घ्यावी

महाराष्ट्रात ‘डिस्पॅचर’ नावाची एकच अशी नोकरी नाही. मदतीसाठी फोन लागल्यापासून गाडी दारात उभी राहीपर्यंतचं काम वेगवेगळ्या खोल्यांत वाटलेलं आहे. पहिली खोली ११२ या सामायिक आपत्कालीन नंबरचं संपर्क केंद्र. २०२१पासून राज्यभरातले ११२चे कॉल नवी मुंबईतल्या महापे इथे आणि नागपूरला उचलले जातात. दुसरी खोली प्रत्येक जिल्ह्याचा किंवा आयुक्तालयाचा पोलीस नियंत्रण कक्ष, म्हणजे सगळ्यांच्या तोंडी असलेलं ‘कंट्रोल’. तिसरी खोली महापालिकेच्या अग्निशमन दलाची. १०१ अजूनही बऱ्याच शहरांत थेट तिथेच वाजतो.

पहिल्या खोलीत विचारायचं असतं, दुसरीत पाठवायचं असतं, आणि तिसरीत विचारून, पाठवून वर काम संपेपर्यंत धरून बसायचं असतं. तिन्हींना लागणारा स्वभाव वेगळा आहे. आधी तो जुळतो का ते बघा. गणवेश, पगार आणि पोस्टिंग त्यानंतर.

११२: पत्ता काढणारी खुर्ची

कॉल उचलला की स्क्रीनवर नंबर, सिमच्या नोंदीतला पत्ता आणि टॉवरवरून काढलेलं अंदाजे ठिकाण येतं. नोंदीतल्या पत्त्याचा फारसा उपयोग नसतो. सिम वडिलांच्या नावावर, घेतलेलं लातूरला आणि फोन करणारा हडपसरला, असं सर्रास असतं. टॉवरचं वर्तुळ शहरात काहीशे मीटरचं असतं, डोंगरी तालुक्यात काही किलोमीटरचं. ११२ इंडिया ॲपवरून मदत मागितली तर जीपीएसचं ठिकाण मिळतं, पण लोक घाबरले की ॲप शोधत बसत नाहीत, नंबर फिरवतात. त्यामुळे पत्ता तोंडीच काढावा लागतो, आणि या खुर्चीचं निम्म्याहून जास्त कसब त्यातच आहे.

पहिला प्रश्न ‘कुठे?’ हाच असतो, ‘काय झालं?’ नंतर. लाइन तुटली आणि हातात पत्ता असला तर गाडी निघू शकते. सगळी हकीकत ऐकली आणि पत्ता राहिला, तर काहीच करता येत नाही.

“मॅडम, लवकर पाठवा, मारतायत त्याला!”
“पाठवते दादा. गाव कुठलं?”
“वडगाव.”
“तालुका सांगा.”
“पुण्यातच, सिंहगड रोडला.”
“बुद्रुक की खुर्द?”
“ते... मारुतीच्या देवळाजवळ.”
“समोर एखाद्या दुकानाची पाटी दिसतेय? ती वाचून दाखवा. अगदी खालची ओळपण.”

यातला प्रत्येक प्रश्न मुद्दाम त्या क्रमाने आहे. वडगाव आणि पिंपळगाव राज्यात किती असतील याला गणती नाही, म्हणून तालुका. सिंहगड रस्त्याला वडगाव बुद्रुक आणि वडगाव खुर्द एकमेकांना लागून आहेत, कोंढव्याचंही तसंच, म्हणून बुद्रुक-खुर्द. मारुतीचं देऊळ गावोगाव असतं, ती खूण धरायची नाही. दुकानाच्या पाटीवर तळाला बहुधा पूर्ण पत्ता असतो, म्हणून खालची ओळ. माणूस घरात असेल तर लाइट बिल हातात घ्यायला सांगतात. मुंबईत पूर्व की पश्चिम हे विचारल्याशिवाय पुढे जायचं नाही, कारण मधे रेल्वे आहे आणि चुकीच्या बाजूची गाडी पूल शोधत फिरते. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर किलोमीटरचा आकडा आणि ‘तोंड मुंबईकडे की पुण्याकडे’ ही दोन उत्तरं हवीतच. चुकीच्या लेनवर गेलेल्या गाडीला मधेच वळता येत नाही.

त्यानंतर घटना: हत्यार आहे का, किती जण आहेत, कोणाला लागलंय का, मारणारा अजून तिथेच आहे का. नवीन माणूस इथे ‘घरगुती भांडण’ एवढंच टाइप करून कॉल पुढे ढकलतो. आत कोयता आहे हे गाडीतल्या दोन पोलिसांना दारात गेल्यावर कळतं. एक न विचारलेला प्रश्न दुसऱ्याच्या अंगावर जातो, ही जाणीव ज्याला सतत ठेवता येते त्यानेच इकडे यावं.

चुकून लागलेले आणि मुके कॉल भरपूर येतात. फोनचं पॉवर बटण पटापट काही वेळा दाबलं की आपत्कालीन कॉल लागतो, साध्या फोनवर ५ किंवा ९ दाबून धरला की लागतो. खिशातला फोन आणि लहान मुलं हे दिवसभर करतात. तरी मुका कॉल तसाच कापायचा नाही. मागचे आवाज ऐकायचे, ‘बोलता येत नसेल तर फक्त हो-नाही म्हणा’ असं सांगायचं, तुटला तर उलट फोन लावायचा. पाळीच्या शेवटच्या दोन तासांत आवाजात वैताग येऊ लागतो आणि नेमका तेव्हाच खरा मुका कॉल येतो. या खुर्चीत अपयश असतं ते बहुतेक असंच. भाषेचा मुद्दाही लहान नाही: नागपुरात बसून कुडाळच्या आजींची मालवणी किंवा शिरपूरच्या माणसाची अहिराणी समजून घ्यावी लागते.

पोलीस कंट्रोल: पाठवणारी खुर्ची

११२ने भरलेला कॉल जिल्ह्याच्या कक्षात स्क्रीनवर येतो. इथला डिस्पॅचर नकाशावर गाड्या बघतो, जवळची निवडतो आणि कॉल तिच्या एमडीटीवर, म्हणजे गाडीतल्या टॅबवर टाकतो. गाडीने स्वीकारला, निघाली, पोहोचली, काय केलं, या प्रत्येक टप्प्याची वेळ नोंदली जाते आणि कार्यवाहीचा अहवाल आल्यावरच कॉल बंद होतो.

वाचायला सोपं आहे. बिघडतं ते असं. नकाशावरची जवळची गाडी नदीपलीकडे असते. मोकळी दिसणारी गाडी बंदोबस्ताला लावलेली असते. टॅबची बॅटरी गेलेली असते किंवा रेंज नसते, मग वायरलेस, तोही लागला नाही तर अंमलदाराचा मोबाइल. म्हणून ज्याला आपल्या जिल्ह्याचे रस्ते, पूल, फाटकं आणि पावसाळ्यात बंद होणारे फरशी पूल पाठ आहेत तो इथे सॉफ्टवेअरपेक्षा भारी पडतो. ११२च्या खुर्चीत हे ज्ञान कामाला येतं, पण राज्यभराचं कोणालाच असू शकत नाही. कंट्रोलमध्ये ते असायलाच हवं.

हद्दीचा वाद हे दुसरं दुखणं. दोन ठाण्यांच्या सीमेवरचा अपघात दोघंही एकमेकांकडे ढकलतात. डिस्पॅचरचं धोरण एकच असावं: जी गाडी आधी पोहोचेल ती जाणार, हद्द नंतर ठरेल. हे ठणकावून सांगायला अधिकार लागतो आणि आवाजही. समोरचा हुद्द्याने मोठा असतो. ‘साहेब, आधी गाडी पाठवतो, मग हद्द बघू’ हे नम्रपणे पण न डगमगता म्हणता येत नसेल, तर ही खुर्ची जड जाईल.

वायरलेसचं वळण लावून घ्यावं लागतं. बटण दाबल्याबरोबर बोललं तर पहिला शब्द कापला जातो, आणि तो नेमका गाडीचा नंबर असतो. दाबा, क्षणभर थांबा, मग बोला. गाडीचा नंबर एकेक आकडा सुटा करून सांगा. समोरच्याकडून पत्ता परत वदवून घ्या. नुसतं ‘समजलं’ हे उत्तर धरू नका. विसर्जनाच्या रात्री एकाच चॅनेलवर सगळे बोलत असतात तेव्हा याच सवयी कामी येतात.

फायर कंट्रोल: धरून ठेवणारी खुर्ची

अग्निशमन दलात कॉलला ‘वर्दी’ म्हणतात. पोलिसांच्या मानाने वर्दी कमी येतात, पण प्रत्येक लांबते. प्रश्नही वेगळे: काय पेटलंय, इमारत किती मजल्यांची, आग कितव्या मजल्यावर, आत कोणी आहे का, सिलिंडर किंवा केमिकल आहे का, आणि मोठी गाडी गल्लीत शिरेल का. शेवटचा प्रश्न नवीन माणूस विसरतो. शिडीची गाडी गल्लीच्या तोंडाशी अडकली की मागचे बंबही अडकतात.

इथे फोनवर सूचनाही द्याव्या लागतात. गॅसचा वास येतोय म्हणाले तर दिव्याचं बटण लावायचंही नाही आणि बंदही करायचं नाही. खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा, बाहेर या. धुरात अडकलेत तर खोलीचं दार लावा, फटीत ओला कपडा कोंबा, खिडकीशी थांबा, लिफ्टकडे जाऊ नका. विजेची आग असेल तर पाणी टाकू नका, मेन स्विच हाताशी आणि सुरक्षित असेल तरच पाडा.

गाड्या निघाल्या की कंट्रोलचं खरं काम सुरू होतं. साध्या बंबात ४,५०० लिटर पाणी असतं. मिनिटाला ४०० लिटर फेकणारी एकच नळी चालवली तरी तो अकरा-बारा मिनिटांत रिकामा, दोन चालवल्या तर सहा मिनिटांत. त्यामुळे घटनास्थळावरून मागणी येईपर्यंत वाट बघणारा कंट्रोल मागे पडतो. पहिल्या संदेशात ‘आग मोठी आहे’ ऐकलं की टँकर कुठून भरून येतील, महावितरण किंवा त्या भागातल्या वीज कंपनीला कोण कळवेल, पाइप गॅसचा व्हॉल्व्ह कोण बंद करेल, १०८ची रुग्णवाहिका कुठे उभी राहील, रस्ता मोकळा करायला वाहतूक पोलीस कोण, हे सगळं एकाच वेळी हलवावं लागतं. मुंबईत जागेवरचा अधिकारी आगीला लेव्हल एक ते चार ठरवतो, त्यापुढे ब्रिगेड कॉल. लेव्हल चढली की त्यानुसार गाड्या आणि अधिकारी वाढवायचे. मधल्या काळात बाकीचं शहर उघडं पडू नये म्हणून रिकाम्या झालेल्या केंद्रांत दुसरीकडच्या गाड्या आणून उभ्या कराव्या लागतात. हे बाहेरून कोणाला दिसत नाही, पण चांगला कंट्रोल यावरूनच ओळखावा.

पावसाळ्यात झाडपडी, घरपडी, लिफ्टमध्ये अडकलेले लोक, रस्त्यावर सांडलेलं ऑइल यांच्या वर्दी रांगेने येतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री रॉकेटने लागलेल्या आगी. अशा वेळी क्रम लावणं हेच काम: मांजात अडकलेलं कबूतर थांबू शकतं, झाडाखाली दबलेली रिक्षा थांबू शकत नाही, आणि ज्याला थांबवलंय त्याला तसं स्पष्ट सांगायचं.

वैद्यकीय बाजूची ओढ असेल तर १०८चा पर्यायही बघावा. जानेवारी २०१४ला सुरू झालेल्या या सेवेचा नियंत्रण कक्ष पुण्यात औंधला आहे. सुरुवातीला ९३७ रुग्णवाहिका आणि गाडीवर डॉक्टर अशी रचना होती. तिथे ‘श्वास चालू आहे का, शुद्धीत आहे का’ यापासून सुरुवात होते आणि फोनवरून छाती दाबायला शिकवता येणं, मिनिटाला १०० ते १२० वेळा, हे हाडात असावं लागतं.

नोकरी म्हणून

११२च्या केंद्रात कॉल घेणारे बरेचसे कंत्राटी पद्धतीने असतात. प्रवेश तिन्हींत सगळ्यात सोपा, धावायचं नाही, उंची मोजत नाहीत. पण कंत्राट बदललं की काय होणार हा प्रश्न कायम डोक्यावर. पीएफ, साप्ताहिक सुट्टी आणि रात्रीची ने-आण लेखी घेतल्याशिवाय रुजू होऊ नये.

पोलीस कंट्रोलमध्ये थेट भरती होत नाही. आधी शिपाई व्हायचं: बारावी, ५० गुणांची मैदानी आणि १०० गुणांची लेखी, पुरुषांना १,६०० मीटर धावणं, महिलांना ८०० मीटर. वेतनश्रेणी २१,७०० ते ६९,१००. मग कंट्रोलला नेमणूक मिळते, मागून मिळेलच असं नाही, आणि बदलीने जातेही. बिनतारी संदेश विभागाची तांत्रिक पदं वेगळी. त्यांच्या जाहिरातीवर लक्ष ठेवावं. निव्वळ डिस्पॅचचं काम करायचंय म्हणून पोलीस भरतीची तयारी करणं आम्हाला पटत नाही. पोलिसाची नोकरी मनापासून हवी असेल तरच या वाटेने जा.

फायर कंट्रोल प्रत्येक महापालिकेत वेगळा. काही ठिकाणी स्वतंत्र ऑपरेटर, काही ठिकाणी फायरमनच आलटून-पालटून बसतात. जिथे फायरमन बसतात तिथला कंट्रोल जास्त चांगला चालतो, कारण नळी धरलेल्या माणसाला पलीकडचा ‘पाणी कमी पडतंय’ म्हणतो तेव्हा किती वेळ उरलाय ते न सांगता कळतं. फायरमन व्हायला सहा महिन्यांचा अग्निशामक अभ्यासक्रम आणि शारीरिक चाचणी आहे. उंचीची अट पोलिसांपेक्षा कडक असू शकते.

मनावर येणारा ताण तिन्हीकडे आहे, पण जातीने वेगळा. ११२मध्ये शेवट कळत नाही: मूल रडत होतं, पत्ता घेतला, कॉल पुढे गेला, पुढचा वाजला. काहींना हे न कळणंच झेपतं, काहींना ते घरी गेल्यावर झोपू देत नाही. पोलीस कंट्रोलमध्ये शेवट अहवालाच्या दोन ओळींत कळतो, पण गाडी उशिरा पोहोचली तर स्क्रीनवरच्या वेळा तुमच्याकडे बोट दाखवतात. फायरमध्ये आपलीच माणसं धुरात असतात आणि वायरलेसवर काही मिनिटं उत्तर येत नाही. हा ताण सगळ्यात जड, असं आमचं मत.

ठरवण्याआधी एक चाचणी करून बघा. मित्राला गर्दीच्या रस्त्यावरून फोन करायला सांगा, तुम्हाला अनोळखी असलेल्या ठिकाणाहून. त्याने घाबरल्यासारखं, तुटक बोलायचं. नकाशा न बघता दीड मिनिटात तुम्ही मराठीत पत्ता टाइप करायचा, बोलत बोलतच. पत्ता नीट मिळवताना मजा आली, तर ११२. तो लिहिताना तुमच्या डोक्यात ‘मग कुठल्या रस्त्याने जायचं’ हे आधीच सुरू झालं, तर पोलीस कंट्रोल. आणि फोन ठेवल्यावर ‘अजून काय लागेल तिथे?’ असं वाटत राहिलं, तर फायर. टाइप करताना समोरच्याचं बोलणं ऐकूच आलं नसेल, तर अर्ज करायच्या आधी दोन महिने मराठी टायपिंगला द्या. एमएस-सीआयटी झालेलं असलं तरी.