चार्जरला जागा कुठे? जुना टी-४८०, दोन मोठे मॉनिटर आणि आठ महिने

माझं काम पानं लावायचं. दिवाळी अंकांचा मोसम आला की रोज शे-दीडशे पानं डोळ्यांखालून जातात. चौदा इंची पडद्यावर रफार आहे की अनुस्वार, हे बघायला दर वेळी झूम करायचं म्हणजे वैताग. लॅपटॉप २०१८ चा थिंकपॅड टी-४८०, सेकंडहँड घेतलेला. आठव्या पिढीचा आय-फाइव्ह प्रोसेसर, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. मशीन दणकट आहे, टाकवत नाही. म्हणून २७ इंची, १४४०पी (उभे १४४० ठिपके), १४४ हर्ट्झचा, म्हणजे सेकंदाला १४४ वेळा चित्र ताजं करणारा मॉनिटर आणला.

एचडीएमआय, म्हणजे टीव्हीला लावतात ती केबल लावली तर ६० हर्ट्झच्या पुढे पर्यायच दिसेना. मॉनिटर परत करायला निघालोच होतो. पण त्याची काही चूक नव्हती. या लॅपटॉपचं एचडीएमआय १.४ आहे, त्यातून चित्रासाठी सेकंदाला जेमतेम ८ गिगाबिट जातात. १४४०पी ला १४४ वर साधारण १४ लागतात. टाइप-सीच्या लंबगोल तोंडातून निघणारं डिस्प्लेपोर्ट १.२ (चित्र नेण्याची दुसरी पद्धत) मात्र १७ पर्यंत नेतं. मग फोनच्या चार्जरची केबल घेऊन खटपट केली आणि अर्धा तास काळा पडदा बघत बसलो. त्या केबलमधून चार्जिंग आणि साधा यूएसबी डेटा जातो, चित्र नाही. टाइप-सी ते डिस्प्लेपोर्ट अशी खास केबल आणली तेव्हा काम झालं. तरीही विंडोजने आपलं ६०च धरून ठेवलं होतं. अॅडव्हान्स्ड डिस्प्लेमध्ये जाऊन १४४ हातानं निवडावं लागलं.

मी गेम खेळत नाही, त्यामुळे १४४ म्हणजे चोचले वाटायचे. आता मत बदललंय. लांबलचक प्रूफ सरकवताना ओळ वाचता येते, थांबावं लागत नाही. चुकून ६० वर गेलो की दोन मिनिटांत कळतं.

दुसऱ्या महिन्यात हाव सुटली. ओळखीत एक जुना २७ इंची ४के (१४४०पी पेक्षाही बारीक ठिपक्यांचा) मॉनिटर मिळाला. तो एचडीएमआयवर ३० हर्ट्झनेच चालतो. माउस हलवला की बाण मागून येतो, चिखलातून चालल्यासारखा. म्हणून तोही टाइप-सीवर घेतला. टी-४८० ला टाइप-सी दोन आहेत, दोन्हींतून चित्र निघतं. झकास! आणि मग हातातल्या चार्जरकडे लक्ष गेलं. या लॅपटॉपचं चार्जिंगही त्याच दोनांपैकी एकातून होतं.

खोक्यावर ठळक ‘४के’ छापलेला एक सात-पोर्टी हब, म्हणजे एका टाइप-सीतून बरीच तोंडं काढून देणारा डबा आणला. त्यातही ३०च. असे बरेच हब टाइप-सीच्या चार वाटांपैकी दोन वेगवान यूएसबीला देतात, चित्राला उरतात दोनच. शेवटी एक छोटा अॅडॉप्टर सापडला: एक डिस्प्लेपोर्ट, एक चार्जिंगचं तोंड, बाकी काही नाही. चारही वाटा चित्राला. आता ४के ६० वर, दुसरा १४४ वर, झाकण बंद, चार्जिंग चालू. हब घ्यायचा तर ‘४के’च्या पुढे ‘६० हर्ट्झ’ छापलंय का ते आधी बघा.

एक गोष्ट कोणी सांगत नाही. वेगळं कार्ड नसलं की प्रोसेसरमधलं अंगभूत ग्राफिक्स रॅममधूनच खातं. माझ्याकडे ८ जीबीची एकच पट्टी होती आणि दोन्ही पडदे लावल्यावर खिडकी ओढताना अडखळायची. रिकाम्या खाचेत तशीच दुसरी टाकल्यावर अडखळणं जवळजवळ गेलं. पंखा मात्र दुपारी गुरगुरतोच, मी लॅपटॉप उभा करून ठेवतो.

४के वर अक्षरं १५० टक्क्यांवर ठेवली आहेत. ‘र्‍हस्व’मधला तो अर्धा र झूम न करता दिसतो, पैसे तिथेच वसूल. जेवायला उठताना मात्र मॉनिटरचं बटण बंद करायचं नाही हे अजून अंगवळणी पडलेलं नाही. डिस्प्लेपोर्टला वाटतं मॉनिटर काढूनच नेला, आणि परत येईपर्यंत सगळ्या खिडक्या दुसऱ्या पडद्यावर जाऊन ढीग करून बसलेल्या असतात.