कित्ता आधी आपण गिरवायचा: फोंड्यातला मराठी धर्मशिक्षक वर्ग

गोव्यात दोतोर्न, म्हणजे मुलांचं ख्रिस्ती धर्मशिक्षण, म्हटलं की ती कोकणीतून, आणि पुस्तक रोमी लिपीतलं. त्यात गैर काहीच नाही. पण फोंडा, वास्को, म्हापसा, डिचोली भागांत सावंतवाडी, वेंगुर्ला, बेळगाव, कोल्हापूरकडून येऊन राहिलेली ख्रिस्ती कुटुंबं आहेत. त्यांची मुलं मराठी माध्यमाच्या प्राथमिक शाळेत जातात आणि देवनागरी घडाघडा वाचतात. त्यांच्या हातात रोमी पुस्तक दिलं की ती 'एक्स' या अक्षरापाशी अडतात, कारण तिथे 'श' म्हणायचं असतं हे त्यांना कुणी सांगितलेलंच नसतं. मग मूल गप्प बसतं, आणि अभ्यास केला नाही म्हणून बोलणी खातं. मराठीतून शिकवणाऱ्या धर्मशिक्षकांची गरज इथून सुरू होते. फोंड्यातल्या एका चर्चच्या सभागृहात चालणारा आठ शनिवारांचा शिक्षक वर्ग नेमका याच कामासाठी आहे. दुपारी 3 ते साडेपाच, एका तुकडीत 20 जण, शुल्क 300 रुपये, वही आणि टिपणं धरून. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांनाही प्रवेश आहे. मरियेचं कौमार्य, संत, संस्कार अशा मतभेदांच्या विषयांत वर्ग शिरत नाही. ते ज्याच्या त्याच्या धर्मगुरूकडे किंवा पाळकांकडे सोपवतो. हे शहाणपणाचं आहे.

धर्मशिक्षकांचे वर्ग बरेच असतात. बहुतेकांत बायबलची माहिती आणि चित्रं कशी दाखवायची एवढंच असतं. इथे सुरुवात शिक्षकाच्या वागण्यापासून होते. पेत्राच्या पहिल्या पत्रात (2:21) ख्रिस्ताने 'कित्ता घालून दिला' असं मराठी बायबलमध्ये आहे. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थही तोच, म्हणजे मुलांनी वरून गिरवावं म्हणून काढून दिलेली अक्षरं. तीमथ्याला लिहिताना पौलही (1 तीमथ्य 4:12) भाषण, वर्तन, प्रीती, विश्वास आणि शुद्धता या पाच गोष्टींत कित्ता हो असंच सांगतो. त्या यादीत भाषण आहे, पण ते पाचांतलं एक. बाकीच्या चार गोष्टी तोंड मिटूनही दिसतात. पहिल्या शनिवारी या दोन वचनांपलीकडे पाठ जात नाही, आणि अडीच तास कमी पडतात.

वर्गाचा कणा एकच नियम आहे: मुलांना जे काम घरी करायला द्यायचं, ते शिक्षकाने एक आठवडा आधी स्वतः करायचं. ऐकायला सोपं, करायला कठीण. 'चांगलं वाग', 'प्रेमाने राहा' ही कामं इथे मान्य होत नाहीत, कारण पुढच्या शनिवारी ती झाली की नाही हे सांगता येत नाही. 'आजीच्या उशाशी रोज रात्री पाण्याचा तांब्या भरून ठेवायचा' हे काम चालतं. 'ज्याच्याशी अबोला आहे त्याच्याशी आधी आपण बोलायचं' हेही चालतं, पण ते द्यायचं असेल तर शिक्षकाने आधी आपला एखादा अबोला मोडलेला असला पाहिजे. मुलांसमोर सांगताना 'मी केलं' असं सांगायचं नाही. कुठे जड गेलं ते सांगायचं. स्वतःच्या चांगुलपणाची जाहिरात झाली की धडा फुकट गेला. मत्तय 6:3 मधला डावा हात आणि उजवा हात शिक्षकालाही लागू आहे.

यासाठी दिलेली वही ही या वर्गातली सर्वांत उपयोगी वस्तू. लोयोलाच्या संत इग्नेशियसने 'विशिष्ट आत्मपरीक्षणा'ची जी रीत घालून दिली, तीच या वहीत आखलेली आहे. एका वेळी एकच दोष धरायचा. सकाळी उठताना तो आठवायचा, दुपारच्या जेवणानंतर एकदा आणि रात्रीच्या जेवणानंतर एकदा तपासायचा. दिवसाला दोन रेघा, आठवड्याच्या चौदा. जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके त्या रेघेवर. दुपारची रेघ रात्रीच्या रेघेशी ताडायची, आजची कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी. वहीत रेघा पानागणिक आखूड होत जातात, कारण ठिपके कमी व्हावेत ही अपेक्षा आहे. लोक चुकतात ते दोन ठिकाणी. एक तर तीन-चार दोष एकदम धरतात आणि बुधवारपर्यंत वही सोडून देतात. दुसरं, 'गर्व' किंवा 'आळस' असा मोठा दोष धरतात, ज्याचा ठिपका नेमका कधी द्यायचा ते कळत नाही. 'मुलाचं बोलणं मधेच तोडलं' हा दोष मोजता येतो. मार्गदर्शक इथे चोख आहेत. मोठा शब्द दिसला की तो खोडायला लावतात. वही कुणाला दाखवावी लागत नाही, हेही बरोबर.

तिसऱ्या शनिवारचा सराव जवळून सांगण्याजोगा आहे. वर्गातला एक जण दहा वर्षांचा मुलगा होतो आणि पंधरा मिनिटं उशिरा दारात उभा राहतो. दुसरा शिक्षक. पहिल्या फेरीत जवळजवळ सगळे 'या, आलात का साहेब?' किंवा 'घड्याळ नाही का घरी?' म्हणतात, आणि बाकीचे हसतात. मग तेच पुन्हा करायचं: गोष्ट थांबवायची नाही, हाताने जागा दाखवायची, शेजारच्या मुलाचं पुस्तक त्याच्याकडे सरकवायचं. वर्ग सुटल्यावर, बाकीचे गेल्यावर, दार उघडं ठेवून विचारायचं, 'बाबू, आज उशीर कशाने झाला रे?' उत्तर बहुधा बसचं असतं, नाहीतर घरचं. त्यानंतर माफीचा सराव. शिक्षकाची चूक झाली असेल तर मुलाची माफी कशी मागायची? तीन वाक्यं: काय केलं, ते चुकलं, माफ कर. चौथं वाक्य नाही, आणि 'पण' हा शब्द अजिबात नाही. 'मी रागावले, चुकलं माझं, पण तूही...' इथे माफी संपते आणि दोषारोप सुरू होतो. वीस माणसांना 'पण' गाळायला अर्धा तास लागतो. पापनिवेदन किंवा पश्चात्ताप यावर तासभर बोलण्यापेक्षा मूल या तीन वाक्यांतून जास्त शिकतं, कारण मोठ्या माणसाने आपल्यापुढे चूक कबूल करणं त्याने क्वचितच पाहिलेलं असतं.

शिकवण्याच्या भागात 45 मिनिटांचा आराखडा दिला जातो: 5 मिनिटं शांतता आणि प्रार्थना, 12 मिनिटं गोष्ट, 13 मिनिटं प्रश्न, 10 मिनिटं हाताने करायचं काही किंवा अभिनय, 5 मिनिटं घरचं काम आणि समारोपाची प्रार्थना. गोष्ट पुस्तकात न बघता सांगायची; मोबाइलवर वाचून तर नाहीच, कारण मुलांना मोबाइलकडे बघणारा मोठा माणूसच दिसतो. प्रश्न तीन पायऱ्यांचे: काय झालं, तो असं का वागला असेल, आपल्या घरात हे कुठे घडतं. तिसऱ्या प्रश्नाला उत्तर आलं नाही तर थांबायचं, मनात वीसपर्यंत मोजायचं. शिक्षक बहुतेकदा पाचव्या आकड्यालाच स्वतः उत्तर देतो आणि मुलांची विचार करायची सवय मोडतो. बरोबर उत्तराला चॉकलेट द्यायचं नाही, हा नियम मात्र नुसता सांगून सोडतात. त्याचं कारणही सांगायला हवं: चॉकलेट आलं की बोलणारी चारच मुलं बोलत राहतात, आणि मागच्या बाकावरचं मूल धर्मशिक्षणातही हरतं.

गोव्याची उदाहरणं नीट निवडली आहेत. फ्रान्सिस झेवियर 1542 मध्ये गोव्यात आले, तेव्हा ते रस्त्यातून घंटा वाजवत मुलांना आणि गुलामांना धर्मशिक्षणाला बोलावत. म्हणजे शिक्षक आपण होऊन मुलांपर्यंत गेला. 1616 साली इंग्रज जेझुइट धर्मगुरू थॉमस स्टीफन्सने मराठी ओव्यांतला 'ख्रिस्तपुराण' हा ग्रंथ रायतूरला छापला, लोकांना आपल्या ओळखीच्या छंदात ऐकता यावं म्हणून. या दोन्हींपेक्षा जास्त वेळ संत जोसेफ वाझ यांना दिलाय, आणि तो सार्थकी लागलाय. 1651 मध्ये बाणावलीला जन्मलेले हे धर्मगुरू 1687 मध्ये श्रीलंकेत वेष पालटून गेले, कारण तिथल्या डच राजवटीत कॅथलिक धर्मगुरूंना बंदी होती. 1697 मध्ये कँडीत देवीची साथ आली. लोक शहर सोडून पळाले. वाझ मागे राहिले, रोग्यांची सेवा केली, मेलेल्यांना पुरलं. तिथल्या राजाच्या मनावर छाप पडली ती या सेवेची. 2015 मध्ये कोलंबोत त्यांना संतपद मिळालं. वर्गात ही गोष्ट सांगून झाल्यावर प्रशिक्षणार्थींना विचारतात: यात उपदेशाचं वाक्य कुठे आलं? कुठेच नाही. मग मुलांना सांगताना शेवटी 'म्हणून आपणही सेवा करावी' जोडायचं नाही. गोष्ट तिथेच सोडायची. हा धडा बऱ्याच अनुभवी शिक्षकांनाही नव्याने शिकावा लागतो.

शेजाऱ्यांविषयीचा शनिवार फोंड्यात विशेष मोलाचा. मंगेशी, म्हार्दोळ, शांतादुर्गा सगळं जवळच, आणि वर्गातल्या मुलांचे मित्र बहुतेक हिंदू किंवा मुसलमान. चवथीला शेजारून नेवऱ्या येतात, नाताळाला आपल्या घरून नेवऱ्या आणि दोदोल जातात. म्हापशाच्या मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला तर हिंदूही मेणबत्ती लावतात. अशा गावात दुसऱ्याच्या देवाची चेष्टा करणारं एक वाक्य वर्गात उच्चारलं गेलं तर ते संध्याकाळपर्यंत वाड्यावर पोचतं, आणि मुलाला मित्रासमोर मान खाली घालावी लागते. पेत्राने (1 पेत्र 3:15) आशेचं कारण सांगायचं ते सौम्यतेने आणि आदराने असं लिहिलं, ते इथे व्यवहारात उतरवून दाखवतात. मुलाने 'ते नरकात जाणार का?' असं विचारलं तर काय म्हणायचं याची दोन चांगली उत्तरं टिपणात आहेत. दोन्ही थोडक्यात आहेत आणि प्रामाणिकही.

मुलांच्या सुरक्षिततेवर एक पूर्ण शनिवार आहे, आणि तो वगळून पुढे जाता येत नाही. खोलीत नेहमी दोन मोठी माणसं, दार उघडं किंवा काचेचं, एकट्या मुलाला गाडीवरून सोडायचं नाही, मुलांना रात्री खासगी संदेश पाठवायचे नाहीत, सहलीला पालकांची लेखी परवानगी. 2012 च्या पॉक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या, कायद्याचं कलम 19 स्पष्ट करून सांगतात: अत्याचाराची माहिती किंवा शंका असेल तर पोलिसांना कळवणं हे कर्तव्य आहे, आणि न कळवणं हा कलम 21 प्रमाणे गुन्हा. 'आधी चर्चमध्ये सांगू, मग बघू' याला जागा नाही. 1098 हा मुलांसाठीच्या मदतवाहिनीचा क्रमांक प्रत्येक वहीच्या मागच्या पानावर छापला आहे. मूल सांगू लागलं तर काय करायचं हेही शिकवतात: ऐकायचं, 'तुझी चूक नाही' म्हणायचं, गुपित ठेवण्याचं वचन द्यायचं नाही, खोदून प्रश्न विचारायचे नाहीत, त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवायचे.

पैशांचा भाग दहा मिनिटांत उरकतात. दानपेटी दोघांनी मिळून मोजायची, रक्कम तिथल्या तिथे लिहून दोघांनी सही करायची, एवढंच. पुरेसं आहे.

आता उणिवा. टिपणांतली मराठी पुस्तकी आहे. 'तारण', 'अनुग्रह', 'प्रायश्चित्त' असे शब्द ओळीओळीला येतात, आणि तिसरीतल्या मुलाला ते कसे फोडून सांगायचे याचं एकही उदाहरण नाही. 'अनुग्रह म्हणजे न मागता, न कमावता मिळालेलं. आईने आजारपणात रात्रभर जागणं' असं दहा-बारा शब्दांचं पान जोडायला हवं. सहाव्या शनिवारचा फ्लॅनेल बोर्ड, म्हणजे चित्रं चिकटवायची कापडी पाटी, गोव्याच्या हवेला न जुळणारा आहे: जूनपासून कापड दमट राहतं, चित्रांमागचं अस्तर चिकटत नाही, आणि गोष्ट ऐन भरात असताना मोशे खाली पडतो. पत्र्याची पाटी आणि चित्रामागे छोटे चुंबक लावले तर हा त्रास राहात नाही, खर्चही फार वाढत नाही. कापडच वापरायचं तर ते प्लायवर ताणून बसवावं आणि कपाटात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवावं.

खरी मोठी उणीव दुसरी. प्रत्येक प्रशिक्षणार्थीला प्रत्यक्ष मुलांसमोर एकदाच शिकवायला मिळतं, तेही सातव्या शनिवारी. त्यावर सूचना मिळतात, पण त्या सुधारून पुन्हा उभं राहायची संधी नाही. आठ शनिवारांत दोन पाठ बसवणं कठीण नाही. बायबलच्या पुस्तकांची ओळख करून देणारा चौथा शनिवार अर्धा केला तरी वेळ निघतो, कारण ती माहिती येणाऱ्या बहुतेकांना असतेच.

ज्यांना वर्षाचा अभ्यासक्रम, परीक्षा आणि प्रमाणपत्र हवंय, त्यांच्यासाठी हा वर्ग नाही. इथे प्रमाणपत्र मिळत नाही. पहिल्या ख्रिस्तप्रसादाची तयारी करून घेणाऱ्यांनी आणि शब्बाथशाळेतल्या (प्रोटेस्टंट मुलांच्या रविवारच्या वर्गातल्या) नव्या शिक्षकांनी नक्की यावं. शक्यतो एका चर्चमधून दोघांनी एकत्र यावं. एकट्याने शिकलेला 'पण'शिवायच्या माफीचा सराव घरी करू शकत नाही, आणि दोन मोठ्या माणसांचा नियमही एकट्याने पाळता येत नाही. साडेपाचला वर्ग सुटतो, पण शेवटची प्रार्थना आणि बोलणं होईपर्यंत सहा वाजतात. डिचोली किंवा सावर्ड्याकडे जाणाऱ्यांनी परतीच्या कदंबा बसची वेळ आधीच विचारून ठेवावी.