अल्कमस, गणिताच्या ऑनलाईन सरावाची सोय: गणित स्पर्धांच्या तयारीसाठी आठ महिने वापरून बघितलं, त्याचा अनुभव

माझी लेक आता आठवीत आहे, सेमी-इंग्लिश. शाळेचं गणित तिला पुरत नाही हे पाचवीपासूनच कळत होतं, पण पुरत नाही तर मग द्यायचं काय हे मात्र कळत नव्हतं. आम्ही सांगलीत राहतो, इथे स्कॉलरशिपचे क्लास भरपूर, पण ऑलिंपियाडच्या वाटेचं गणित शिकवणारं कोणी आम्हाला तरी सापडलं नाही. मग सातवीत एक ऑनलाईन क्लास लावला, नाव घेत नाही, फी बऱ्यापैकी होती आणि शिकवणारे सर पण चांगले बोलायचे. पण चार महिन्यांनी वही उघडून बघितली तर सगळीकडे चौकटीत ट्रिक. ही ट्रिक, ती ट्रिक, का चालते ते कुठेच नाही.

एक उदाहरण देते म्हणजे लक्षात येईल. 3 चा 2025 वा घात, एकक स्थानी कोणता अंक? क्लासची ट्रिक अशी की घाताला 4 ने भागायचं आणि बाकी बघायची. बाकी 1, म्हणून उत्तर 3. बरोबर आहे. मी सहज विचारलं, शेवटचे दोन अंक सांग बरं. तिने तीच ट्रिक लावली आणि 03 म्हणाली. ते चूक आहे, कारण एकक स्थानचा अंक दर चार घातांनी फिरून येतो (3, 9, 7, 1), पण शेवटचे दोन अंक परत यायला वीस घात लागतात. 2025 ला 20 ने भागलं की बाकी 5, 3 चा पाचवा घात 243, म्हणून उत्तर 43. तो 4 आला कुठून हेच तिला कोणी सांगितलेलं नव्हतं, आणि तिनेही विचारलं नव्हतं, मला जास्त वाईट त्याचं वाटलं. क्लास बंद केला.

त्यानंतर मैत्रिणीच्या भावाने अल्कमस सुचवलं, तो अमेरिकेत असतो आणि त्याचा मुलगा तिकडच्या मॅथकाउंट्स या शाळकरी मुलांच्या गणित स्पर्धेला बसतो. आर्ट ऑफ प्रॉब्लेम सॉल्व्हिंग नावाची साईट आहे, अल्कमस हा तिचाच भाग. साईट रिचर्ड रुसिक यांनी सुरू केलेली, ते स्वतः 1989 साली अमेरिकेच्या गणित ऑलिंपियाडचे विजेते. त्यांचे क्लास आणि पुस्तकं डॉलरमध्ये आहेत आणि आपल्याला महागच पडतात, पण अल्कमस पूर्ण फुकट आहे. खातं उघडायचं, विषय निवडायचा आणि सुरू. वरची पायरी नको, प्रीअल्जिब्रापासूनच (बीजगणिताच्या आधीचं गणित) सुरुवात करा, मूल हुशार असलं तरी. ते जमलं की मग काउंटिंग (एखादी गोष्ट किती प्रकारे होते ते मोजणं) आणि नंबर थिअरी (संख्यांचे गुणधर्म).

हे चालतं कसं तर एका वेळी एकच प्रश्न येतो. खाली पर्याय बहुतेक वेळा नसतात, उत्तर स्वतः टाईप करायचं. चुकलं तर आणखी एक संधी मिळते. तीही चुकली की पूर्ण उत्तर रीतीसकट दिसतं, आणि बरोबर आलं तरी दिसतंच. पुढचा प्रश्न सोपा द्यायचा का अवघड हे तुमच्या उत्तरांवरून ठरतं, आणि प्रत्येक टॉपिकची पट्टी हळूहळू भरत जाते, हिरवी झाली की पास, निळी झाली की पक्कं. सेटिंगमध्ये जाऊन प्रश्नांची काठिण्यपातळी पण बदलता येते.

ऐकायला साधं वाटतं, पण ती दुसरी संधी ही सगळ्यात मोलाची गोष्ट आहे असं मला आठ महिन्यांनी वाटतंय. एक संध्याकाळ अजून आठवते. प्रश्न असा काहीसा होता, 1 ते 1000 मध्ये 2 नेही भाग जात नाही आणि 5 नेही जात नाही अशा संख्या किती. तिने पटकन 500 आणि 200 वजा केले आणि 300 टाकलं. चूक. मी शेजारीच भाजी निवडत होते, मला चूक दिसली आणि मी तोंड उघडणार तेवढ्यात ती म्हणाली, आई सांगू नको हं, अजिबात सांगू नको. मग वहीवर 1 ते 20 लिहून काढले, 2 च्या पटीतल्या खोडल्या, 5 च्या पटीतल्या खोडल्या, आणि 10 वर आणि 20 वर दोन-दोन काट बसले. पाच-सात मिनिटं त्या काटांकडे बघत बसली होती. आणि मग एकदम, अगं आई, दहाच्या पटीतल्या दोनदा गेल्या! त्या 100 परत मिळवल्या, 400. बरोबर. त्याच्यापुढे अजून गंमत म्हणजे साईटने दाखवलेली रीत वेगळीच होती, एकक स्थानी 1, 3, 7 किंवा 9 असेल तरच ती संख्या चालते, म्हणजे दर दहात चार, हजारात चारशे. एका ओळीत संपलं. तिने दोन्ही रीती वहीत शेजारी शेजारी लिहिल्या, कोणी सांगितलं नव्हतं तरी. त्या क्लासच्या चार महिन्यांत हे एकदाही झालं नव्हतं.

आता ज्यांना वाटतंय की याने स्कॉलरशिपला फायदा होईल का, तर थेट नाही होणार, स्पष्ट सांगते. स्कॉलरशिपला एका पेपरात 90 मिनिटांत 75 प्रश्न असतात, म्हणजे प्रश्नाला सव्वा मिनिट पण नाही, तिथे वेग लागतो आणि त्यासाठी जुने पेपरच सोडवायला हवेत. अमेरिकेतली शाळकरी मुलांची एएमसी 8 ही गणित स्पर्धा परीक्षा 40 मिनिटांत 25 प्रश्नांची, म्हणजे दीड मिनिटाच्या आसपास. आणि आपल्याकडची आयओक्यूएम, जिथून आपल्या ऑलिंपियाडची वाट सुरू होते आणि जी आठवीपासून देता येते, ती तीन तासांत 30 प्रश्नांची, एका प्रश्नाला सहा मिनिटं. एका प्रश्नाला सहा मिनिटं चिकटून बसायचं हे आपल्या पोरांना कोणी शिकवलेलंच नसतं, दोन मिनिटांत आलं नाही की पुढचा घे, हेच आपण सांगत आलोय. अल्कमसला वेळेचं बंधन नाही आणि त्यामुळे ही बसण्याची सवय लागते, हे मी स्वतः बघितलंय.

भाषेचं मात्र आधीच सांगून ठेवते, सगळं इंग्रजीत आहे. मराठी माध्यमाच्या मुलाला सुरुवातीला जड जाईल, गणित येत असून वाक्यात अडकेल. आम्ही वहीच्या मागच्या पानापासून शब्दांची यादी केली, कन्सेक्युटिव्ह म्हणजे लागोपाठच्या, डिस्टिंक्ट म्हणजे एकमेकींपेक्षा वेगळ्या, ॲट लीस्ट म्हणजे कमीत कमी, रिमेंडर म्हणजे बाकी. साधारण चाळीस शब्द झाल्यावर अडणं जवळपास थांबलं. नाण्यांचे प्रश्न पण असतात, निकेल म्हणजे 5 सेंट, डाईम 10, क्वार्टर 25, हे एकदा पाठ करून टाका आणि फूट म्हणजे 12 इंच हे पण, नाहीतर प्रश्न येत असूनही सुटणार नाही.

वापरताना आमचे नियम थोडेच आहेत. रोज अर्धा तास, त्यात तीन प्रश्न झाले तरी चालतील आणि एकच झाला तरी चालेल. वही-पेन्सिल असल्याशिवाय बसायचं नाही, तोंडी उत्तर टाकायचं नाही. चुकलेल्या प्रश्नावर चांदणी करायची आणि रविवारी रीत न बघता तो परत सोडवायचा, हा नियम तिने स्वतः काढलाय. आणि महिन्यातून एकदा एएमसी 8 चा जुना पेपर घड्याळ लावून, ते पेपर त्याच साईटवर आहेत आणि एकेका प्रश्नाच्या तीन-तीन चार-चार रीती लोकांनी लिहून ठेवल्यात, त्या नक्की वाचायला लावा. पहिल्या पेपरला 25 पैकी 11 आले होते, परवाच्या रविवारी 18.

एकच विनंती पालकांना, मूल सोडवत असताना शेजारी बसा पण उत्तर सांगू नका. हे फार अवघड जातं, मला अजूनही जातं. आणि ती पट्टी निळी कधी होणार म्हणून मागे लागू नका.

माझ्याकडून पाचपैकी पाच. सध्या आमची गाडी काउंटिंगमध्ये अडकलीय, गोल टेबलाभोवती माणसं बसवायचे प्रश्न चालू आहेत, आणि ताटाभोवती चमचे-वाट्या मांडून मोजामोज चाललीय त्यामुळे जेवायला रोज उशीर होतोय.