वेंगुर्ल्याचे काजूगर आणि भिंतीवरचा फलक

वेंगुर्ल्यातील एका काजू प्रक्रिया केंद्राला लागूनच त्यांचे विक्री दालन आहे. तेथील माल चांगला आहेच, परंतु या दालनाची मी आवर्जून शिफारस करतो ती तेथील एका भिंतीवर लावलेल्या मोठ्या फलकासाठी. या फळाला जगात कुठे काय म्हणतात आणि ते नाव तिथे कसे पोहोचले, याची माहिती त्यावर मराठीत दिली आहे. काजूच्या दुकानात भावफलक सगळीकडे असतो. शब्दाची अशी कुळकथा सांगणारा फलक मात्र मी इतरत्र पाहिलेला नाही.

आधी मालाविषयी. अखंड पांढऱ्या गराच्या ‘डब्ल्यू २४०’ प्रतीचा, म्हणजे एका पौंडात साधारण २४० गर बसतील अशा आकाराचा काजू मी घेतला. गर एकसारखे होते, खवट अजिबात नव्हते आणि पाकिटाच्या तळाशी चुराही जवळपास नव्हता. सालीसकट भाजलेल्या खाऱ्या काजूत मात्र मीठ जास्त पडले आहे. बी कोकणातली की आफ्रिकेतून आयात केलेली, हे प्रत्येक पाकिटावर स्पष्ट लिहिलेले असते आणि ‘वेंगुर्ला काजू’ या नावाला भौगोलिक मानांकन असल्याने हा प्रामाणिकपणा मोलाचा वाटतो.

आता फलक. ‘काजू हा शब्द पोर्तुगीजांनी आणला’ या वाक्याने त्याची सुरुवात होते. हे खरे असले, तरी अर्धेच आहे. पोर्तुगीजांनाही हा शब्द झाडाबरोबरच ब्राझीलच्या किनाऱ्यावर मिळाला. तिथल्या तुपी लोकांच्या भाषेत या फळाला ‘अकाजू’ म्हणत, आणि झाडाला वर्षातून एकदा बहर येत असल्यामुळे त्याच शब्दाने ते वर्षही मोजत. काजूच्या हंगामावर वर्षाचा हिशेब बांधणाऱ्या सिंधुदुर्गातील बागायतदाराला हा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही, आणि म्हणूनच तो फलकावर असायला हवा होता. पोर्तुगीज भाषेत आरंभीचा ‘अ’ गळून ‘काजू’ उरला, आणि सोळाव्या शतकात तो त्यांच्या जहाजांतून आपल्या किनाऱ्यावर उतरला. त्यावरूनच इंग्रजीत ‘कॅश्यू’, मलयमध्ये ‘गाजुस’ आणि सिंहलीत ‘कजु’ झाले. फ्रेंचमध्ये तो ‘अ’ टिकला, पण ‘अकाजू’ म्हटले की आज तिथे महोगनीचे लाकूड समजले जाते. आपण खातो त्या गराला फ्रेंच माणूस वेगळ्या रूपाने ‘काजू’च म्हणतो.

फलकाचा सर्वांत सरस भाग त्यापुढे आहे. परका शब्द न घेता ओळखीच्या झाडांवरून नाव देणाऱ्या भाषा तिथे एकत्र मांडल्या आहेत. मल्याळममध्ये ‘परंकिमाव’, म्हणजे फिरंग्यांचा आंबा. तेलुगूत ‘जीडिमामिडी’, यातील ‘जीडी’ म्हणजे आपला बिब्बा आणि ‘मामिडी’ म्हणजे आंबा. कन्नडमधील ‘गेरू’ काजूलाही चालतो आणि बिब्ब्यालाही. वनस्पतिशास्त्रातही हेच झाले. ‘अनाकार्डियम’ हे नाव युरोपातील औषधविक्रेते पूर्वी बिब्ब्यासाठी वापरत. वनस्पतिशास्त्रज्ञ लिनिअसने १७५३ मध्ये ते काजूच्या प्रजातीला दिले. बिब्ब्याच्या शास्त्रीय नावात ते आता दुसरा शब्द म्हणून उरले आहे. ही सांगड केवळ दिसण्यावरून पडलेली नाही. दोन्ही झाडे एकाच कुळातील असून दोघांच्या टरफलातले तेल अंगावर उततेही. हे इथे डोळ्यांनी पाहता येते, कारण दालनाच्या काचेपलीकडे काजूची बी फोडण्याचे काम चालते. फोडणाऱ्या बाया बोटांना तेल चोळून आणि राख लावून बसतात, पायाने यंत्राचा दट्ट्या दाबतात आणि दुभंगलेल्या टरफलातून सुईसारख्या टोकाने गर अलगद बाहेर काढतात. नखांच्या कडा तरीही काळ्या पडलेल्या दिसतात. या हातांचा उल्लेख फलकावर कुठेच नाही, ही त्याची मला सर्वांत जाणवलेली उणीव आहे.

मराठीने परके नाव तसेच ठेवले, पण त्याच्याभोवतीचा संसार आपल्या शब्दांनी मांडला: बोंडू (बीला जोडलेले रसाळ फळ), बी, गर, पाकळी (दोन भागांत सुटलेला गर). पुढे या गावाचे नावही त्याला जोडले गेले. येथील फळ संशोधन केंद्राने काढलेल्या ‘वेंगुर्ला ४’ आणि ‘वेंगुर्ला ७’ या जातींची कलमे कोकणभर लागली आहेत. ‘वेंगुर्ला ७’ची बी सुमारे १० ग्रॅम भरते, आणि तिचा एक नमुना फलकाखालच्या बरणीत हातात घेऊन पाहता येतो.

फलकावरील अक्षर बारीक आहे आणि दुपारी काचेवर उजेड पडला की खालच्या ओळी वाचता येत नाहीत, तेव्हा सकाळी जावे. उसळीसाठी ओले काजूगर हवे असतील तर मार्चच्या सुमारास आधी सांगून ठेवावे लागते. खिरीसाठी किंवा वाटणासाठी अखंड काजूवर पैसे न घालवता पाकळी घ्यावी, चवीत काहीही फरक पडत नाही.