फियाट ११०० डिलाइटमधील नवी बॅटरी : आठ महिन्यांच्या वापरानंतर

जुन्या गाडीसाठी बॅटरी घेताना अँपिअर, वॉरंटी आणि किंमत यांच्या आधी टर्मिनलची, म्हणजे केबल जोडायच्या शिशाच्या खुंट्यांची, जाडी पाहावी, असे माझे आता ठाम मत झाले आहे. माझी गाडी १९६६ ची, प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट ११०० डिलाइट आहे. तिच्यात गेल्या ऑगस्टमध्ये मी ३५ अँपिअर-अवरची, ३८बी२० आकाराची, सीलबंद बॅटरी बसवली. १०८९ सीसीच्या इंजिनाला एवढी क्षमता पुरेशी आहे, आणि बॅटरी म्हणून तिच्याविरुद्ध माझी तक्रार फारशी नाही. जो काही मनस्ताप झाला तो तिच्या डोक्यावरच्या दोन शिशाच्या खुंट्यांमुळे झाला.

किंमत जुनी बॅटरी देऊन चार हजारांच्या आसपास पडली. ती घेऊन महिना उलटतो न उलटतो तोच, २२ सप्टेंबर २०२५ पासून, बॅटरीवरील जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला, म्हणजे थोडी कळ काढली असती तर तीनशेहून अधिक रुपये वाचले असते. याचा बॅटरीच्या दर्जाशी काही संबंध नाही हे मान्य करूनही ते मी इथे नोंदवून ठेवतो.

बसवण्याचे काम तसे अवघड नाही. फियाट निगेटिव्ह अर्थची, म्हणजे बॅटरीचे निगेटिव्ह टोक बॉडीला जोडलेली, गाडी असल्याने आधी निगेटिव्हची केबल सोडायची आणि ती सर्वांत शेवटी जोडायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला टेकला तरी ठिणगी उडत नाही. (मॉरिस मायनरसारख्या जुन्या ब्रिटिश गाड्या पॉझिटिव्ह अर्थच्या असतात, तिथे हाच क्रम उलटा होतो.) या आकाराची बॅटरी अरुंद आणि उंच असते. त्यामुळे मूळच्या ट्रेमध्ये बाजूला जागा उरली आणि ती सागवानी ठोकळ्यांनी भरावी लागली. बॉनेट टर्मिनलला टेकत नाही ना, हे वर मळलेल्या कणकेचा गोळा ठेवून आणि बॉनेट हलकेच बंद करून पाहिले. अंतर समाधानकारक निघाले, तरीही पॉझिटिव्हवर रबरी टोपी चढवली.

आता मूळ मुद्दा. बारीक टर्मिनलच्या या बॅटरीत पॉझिटिव्हचा व्यास १४.७ मिमी आणि निगेटिव्हचा १३ मिमी असतो. जाड प्रकारात हेच आकडे बुडाशी १९.५ आणि १७.९ मिमी असतात. फियाटच्या केबलच्या टोकांचे पितळी क्लॅम्प जाड टर्मिनलसाठी केलेले असल्याने ते या खुंट्यांवर बांगडीसारखे फिरतात. दुकानदाराने त्यावर निर्विकारपणे दोन मार्ग सुचवले : क्लॅम्प कापून नवे बारीक बसवायचे, किंवा मध्ये पत्र्याची पट्टी घालून आवळायचे. केंद्राच्या २०२१ च्या व्हिंटेज नियमांना पन्नास वर्षांपुढील गाडीची चेसिस, बॉडी आणि इंजिन मूळचे हवे असते, क्लॅम्पशी त्यांना कर्तव्य नाही. मला मात्र आहे. म्हणून पट्टी घातली.

पहिले तीन-चार महिने इतके निर्वेध गेले की तेव्हा हा अनुभव लिहिला असता तर मी बॅटरीला पैकीच्या पैकी गुण दिले असते. डिसेंबरात मात्र सकाळी स्टार्टर एकदा कण्हून थांबू लागला, दिवे मंदावू लागले, आणि क्लॅम्पला हाताने हिसका दिला की गाडी पुन्हा मुकाट्याने सुरू होऊ लागली. कंपनीच्या सेवा केंद्रात तक्रार केल्यावर एक तरुण टेस्टर घेऊन घरी आला. त्याने दोन चिमटे थेट खुंट्यांना लावले, छापील चिठ्ठी फाडून माझ्या हातात दिली, ‘साहेब, बॅटरी ओके हाय’ असे सांगितले आणि भेटीचे शुल्क मागितले. त्यावरून आमची चांगलीच जुंपली.

त्याची चिठ्ठी खरी होती, हे संध्याकाळी मल्टिमीटर घेऊन बसल्यावर कळले. गाडी बंद असताना १२.६ व्होल्ट दिसत होते, म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली होती. मग मीटरचे एक टोक खुंटीच्या मधोमध आणि दुसरे क्लॅम्पवर धरले, आणि मुलाला स्टार्टर मारायला सांगितले. या दोन टोकांमध्ये जेमतेम एक दशांश व्होल्ट दिसावयास हवा होता. तिथे एक व्होल्टहून अधिक दिसला. स्टार्टर दीडशे अँपिअर ओढत असेल, तर सांध्यातला एका ओहमचा सात सहस्रांश भाग एवढा रोधही एक व्होल्ट गिळण्यास पुरतो. विजेचा प्रवाह नसताना हा दोष दिसत नाही, आणि टेस्टरचे चिमटे खुंटीलाच लागत असल्याने तो सांधा त्याच्या वाटेतच येत नाही. पट्टी काढून पाहिली तर तिच्यावर पांढरट भुकटी साचलेली होती, आणि घासल्याच्या खुणा वरच्या कडेला, बोटाच्या नखाएवढ्या जागेत होत्या.

याचे कारण खुंटीच्या आकारात आहे. ती सरळ नसते. एकास नऊ या प्रमाणात वर निमुळती होत जाते, आणि क्लॅम्पचे भोकही तसेच असते. मधली पट्टी हा उतार पाळत नसल्याने धातू सर्वांगाने टेकत नाही. शिवाय पॉझिटिव्ह जाड आणि निगेटिव्ह बारीक हा भेद केबलची अदलाबदल होऊ नये म्हणूनच ठेवलेला असतो. पट्ट्या कोंबल्या की ते संरक्षणही संपते, आणि डायनॅमोच्या (जुन्या पद्धतीच्या जनित्राच्या) गाडीत केबल उलट्या लागल्या तर चार्जिंग आवरणाऱ्या रेग्युलेटरमधील कट-आउटचे, म्हणजे डायनॅमो बॅटरीला जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचचे, पॉइंट जळू शकतात.

शेवटी उद्यमनगरात एका लेथच्या मिस्त्रींनी शिसे ओतून, आतून-बाहेरून एकास नऊच्या उताराचे आणि एका बाजूला चिरलेले दोन बुश (खुंटीवर चढवायच्या नळ्या) करून दिले. ते बसवताना खुंटी, बुश आणि क्लॅम्प तिन्ही तारेच्या ब्रशने चकचकीत केले, आवळून झाल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावली. स्टार्टर मारताना आता मीटरवर व्होल्टचा विसावा भागही दिसत नाही. मिस्त्रींनी घेतलेले पैसे सेवा केंद्राच्या भेटशुल्कापेक्षा कमी होते.

सीलबंद प्रकाराबद्दलचे माझे मतही या काळात बदलले. पाणी घालावे लागत नाही म्हणून तो घेतला होता. परंतु डायनॅमो मंद गतीवर जवळजवळ काहीच चार्ज करीत नाही, आणि जुना रेग्युलेटर मोकळ्या रस्त्यावर कधी गरजेपेक्षा अधिक व्होल्ट सोडतो. अशा गाडीत झाकणे उघडून पाण्याची पातळी पाहता येणारी, हायड्रोमीटरने (आम्लाची घनता मोजणाऱ्या नळीने) एकेक कप्पा तपासता येणारी बॅटरीच सोयीची. पुढची तशीच घेईन, आणि जाड टर्मिनलची मिळेपर्यंत दुकाने पालथी घालीन.

वॉरंटीचा प्रश्न अजून लोंबकळत आहे. नोंदणीच्या ॲपमधील यादीत फियाट ११०० नसल्याने दुकानदाराने परस्पर एका आधुनिक हॅचबॅकचे नाव टाकले. ते बदलून द्यावे अशी लेखी मागणी मी केली आहे, आणि ‘आपली तक्रार पुढे पाठवली आहे’ एवढेच उत्तर मला आजवर मिळाले आहे.