काडतूस कोणतं आणि बार किती अंतरावरून? शिकारीच्या रायफल काडतुसांचा तुलनात्मक आढावा

पहिली रायफल घेणारा माणूस हमखास विचारतो, "हे काडतूस किती लांबपर्यंत मारतं?" या प्रश्नापासून सुरुवात केली की पुढचा सगळा हिशेब चुकतो. गोळी तीन-चार किलोमीटरसुद्धा जाते. सावजाला एका गोळीत, वेदना न लांबवता मारेल एवढ्या खात्रीने ती कुठपर्यंत जाते, हे विचारायला हवं. त्याचं उत्तर काडतुसाच्या खोक्यावर छापलेलं नसतं. हा आढावा अर्थातच जिथे कायद्याने शिकारीला परवानगी आहे तिथल्या शिकारीपुरता.

मध्यम आकाराच्या हरणाचं वर्म, म्हणजे हृदय आणि फुप्फुसं मिळून जो भाग होतो तो, साधारण २० सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात मावतो. रो डिअरसारख्या लहान हरणात ते १२ ते १५ सेंटिमीटरवर येतं, एल्क किंवा मूससारख्या थोराड हरणांमध्ये ३५ च्या आसपास जातं. गोळी या वर्तुळात पडली तर जनावर काही सेकंदांत कोसळतं. वर्तुळाच्या तळहातभर मागे पडली तर ती पोटात शिरते आणि तेच जनावर तासन्‌तास तडफडतं. म्हणून काडतुसांची तुलना करताना माझ्यासमोर कायम हे २० सेंटिमीटरचं वर्तुळ असतं.

आधी स्वतःची मोजणी करा. आजच्या चांगल्या रायफली बाकावर वाळूच्या पिशव्यांवर टेकवून झाडल्या, तर १०० मीटरवर तीन सेंटिमीटरच्या आत गोळ्या घालतात. पण जंगलात बाक नसतो. गुडघ्यावर किंवा दोन काठ्यांच्या टेकूवर, धापा टाकत, नुकती टेकडी चढून आल्यावर तोच नेमबाज १०० मीटरवर दहा सेंटिमीटरचा पसारा करतो. २०० मीटरवर तो पसारा २० सेंटिमीटर होतो आणि वर्म तिथेच संपतं. आता त्याच्या हातात कुठलंही मॅग्नम, म्हणजे जास्त दारूचं जोरदार काडतूस द्या, त्याची मर्यादा २०० मीटरच राहणार.

ही मोजणी घरच्या घरी करता येत नाही, मैदानावरच करावी लागते. २० सेंटिमीटर व्यासाची चकती लावा. नळी थंड असू द्या. शिकारीत ज्या आसनात बसणार त्याच आसनात बसा आणि वेगवेगळ्या दिवशी मिळून दहा गोळ्या झाडा. दहाच्या दहा गोळ्या चकतीत पडल्या तर ते अंतर तुमचं. एक जरी बाहेर गेली तरी पुढे या. "दहात एकच तर चुकली" असं म्हणणाऱ्याने ती एक गोळी कुठे लागली असती याचा विचार करावा.

हे अंतर हाती आलं की काडतुसांची तुलना करण्यात अर्थ आहे. खालचे आकडे शिकारीच्या नेहमीच्या गोळ्यांचे आणि जवळच्या ठोकळ आकड्यावर आणलेले आहेत. नळीच्या लांबीप्रमाणे आणि गोळीप्रमाणे ते थोडे मागे-पुढे होतात. शेवटचे तीन रकाने २७५ मीटरवरचे आहेत. वारा बाजूने ताशी १६ किलोमीटरचा धरला आहे.

| काडतूस | गोळी (ग्रॅम) | सुटतानाचा वेग (मी./से.) | पोचतानाचा वेग (मी./से.) | ऊर्जा (ज्यूल) | वाऱ्याने सरक (सें.मी.) |
|---|---|---|---|---|---|
| .३०-३० विंचेस्टर | ९.७ | ७३० | ३९५ | ७७० | ६० |
| .२४३ विंचेस्टर | ६.५ | ९०० | ६७५ | १४८० | २१ |
| ६.५ क्रीडमूर | ९.३ | ८२५ | ६९५ | २२५० | १३ |
| .२७० विंचेस्टर | ८.४ | ९३० | ६९० | २००० | २१ |
| .३०८ विंचेस्टर | ९.७ | ८६० | ६१० | १८२० | २६ |
| .३०-०६ स्प्रिंगफील्ड | ११.७ | ८२५ | ६२० | २२६० | २२ |
| .३०० विंचेस्टर मॅग्नम | ११.७ | ९०० | ७१५ | २९८० | १७ |

लोक ऊर्जेच्या रकान्यावर थांबतात. मी आधी शेवटचा रकाना वाचतो. अंतर बदललं की गोळी किती खाली येणार हे गणिताने कळतं, रेंजफाइंडरने मोजता येतं, दुर्बिणीवर लावता येतं. वारा मात्र अंदाजानेच धरावा लागतो आणि तो दरीत एक, कड्यावर दुसरा असतो. समजा वारा ताशी १६ किलोमीटर आहे आणि तुम्हाला तो आठ वाटला. .३०८ ची ही गोळी २७५ मीटरवर तुमच्या अंदाजापेक्षा १३ सेंटिमीटर बाजूला जाईल, म्हणजे वर्माच्या मध्यावर धरलेला नेमही वर्तुळाबाहेर. ६.५ क्रीडमूरची गोळी साडेसहा सेंटिमीटर सरकेल आणि आतच राहील. २००७ साली आलेल्या या काडतुसाचा एवढा बोलबाला का झाला, त्याचं खरं कारण हेच. नळीतून निघताना ते .३०८ पेक्षा कमी ऊर्जा घेऊन निघतं, पण त्याची लांबट, निमुळती गोळी हवेत कमी अडते आणि वाटेत .३०८ ला मागे टाकते.

इथे .३०८ वर अन्याय होऊ नये म्हणून सांगतो, तक्त्यात तिची जुन्या घाटाची, तुलनेने बोथट गोळी धरली आहे. तीच .३०८ जड आणि निमुळत्या गोळीने भरली तर फरक बराच कमी होतो. १९५२ पासून ती जगभर मिळते, आणि १५०-२०० मीटरच्या आत शिकार करणाऱ्याने क्रीडमूरसाठी चांगली .३०८ विकून टाकायचं काहीच कारण नाही. १८० मीटरवर तिची वाऱ्याची सरक ११ सेंटिमीटर आहे. तिथे अंदाज निम्म्याने चुकला तरी गोळी वर्मातच.

.३०-३० चे आकडे पाहून नाक मुरडू नका. १८९५ सालचं हे काडतूस लिव्हरच्या, म्हणजे चापाजवळचा दांडा ओढून काडतूस भरायच्या रायफलींसाठी बनलं. त्या रायफलींत काडतुसं नळीखालच्या नळकांड्यात एकामागे एक बसतात, त्यामुळे टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडावर आदळून बार उडण्याचा धोका असतो. म्हणून गोळीचं नाक चपटं. चपटं नाक हवेत लवकर दमतं, पण गोळीचं शिसं मऊ असल्याने ती कमी वेगातही फुलते, म्हणजे जनावरात शिरल्यावर पसरून रुंद होते. दाट झाडीत, १०० मीटरच्या आत, ते आजही चोख काम करतं. १५० मीटरच्या पुढे मात्र त्याने बार टाकू नये.

.२४३ बद्दल माझं मन थोडं द्विधा आहे. धक्का इतका हलका की नवखा माणूसही डोळे न मिटता चाप ओढतो, आणि नेम त्यामुळेच सुधारतो. लहान-मध्यम हरणांना २०० मीटरपर्यंत ते पुरेसं आहे. अडचण येते ती जनावर तिरपं उभं असताना. साडेसहा ग्रॅमची गोळी खांद्याच्या हाडावर बसली तर आत पोचेलच असं नाही. म्हणून .२४३ घेणाऱ्याने एक शिस्त पाळावी: जनावर पूर्ण आडवं उभं असेल तरच बार. ही शिस्त जमणार नसेल तर जरा जड गोळीचं काडतूस बरं.

देशोदेशीचे कायदेही या काडतुसाबाबत सारखे नाहीत. इंग्लंडमध्ये बहुतेक हरणांसाठी किमान .२४० इंच कॅलिबर (गोळीचा व्यास) आणि नळीच्या तोंडाशी २३०५ ज्यूल ऊर्जा लागते, त्यात .२४३ बसतं. जर्मनीत रो डिअरला १०० मीटरवर १००० ज्यूल चालतात, पण रेड डिअर आणि रानडुकरासारख्या मोठ्या सावजाला किमान ६.५ मिलिमीटर कॅलिबर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल हवेत. .२४३ ची गोळी ६.२ मिलिमीटरची, म्हणून बाद. ऊर्जा नळीपाशी न मोजता जनावराच्या जवळ मोजण्याची जर्मन पद्धत मला जास्त पटते.

.२७० (१९२५) आणि .३०-०६ (१९०६) यांच्यातला वाद शंभर वर्षांचा आहे आणि माझ्या मते निष्फळ. हरणांवर भर असेल तर .२७० ची सपाट चाल सोयीची. एल्क, मूस किंवा मोठी डुकरं मधूनमधून असतील तर .३०-०६ ची जड गोळी घ्या.

आता मॅग्नम. तक्त्यात .३०० मॅग्नम जवळपास सगळीकडे पुढे आहे. मोठ्या देहाच्या एल्कला ३०० मीटरवर मारण्याची ज्याची खरोखर तयारी आहे त्याच्यासाठी ते योग्यच. पण तक्त्यात धक्क्याचा रकाना नाही. सारख्या वजनाच्या रायफलीत त्याचा धक्का ६.५ क्रीडमूरच्या साधारण दुप्पट बसतो. खांदा एकदा धास्तावला की चाप ओढण्याआधीच अंग आखडतं, नळी हलते आणि वर सांगितलेली चकती अधिकाधिक जवळ आणावी लागते. सराव महाग आणि दुखरा, म्हणून सराव होत नाही. मॅग्नम घेतल्यावर ज्यांचं खात्रीचं अंतर कमी झालं आहे असे शिकारी थोडेथोडके नाहीत.

ऊर्जेचे ढोबळ ठोकताळे प्रचलित आहेत: हरणाला सुमारे १३५० ज्यूल, एल्कला २०००. ते लक्षात ठेवायला हरकत नाही, पण मारते ती ऊर्जा नव्हे, फुललेली गोळी आणि तिने केलेली जखम. साध्या शिसं-तांब्याच्या गोळीला नीट फुलायला पोचताना सुमारे ५५० मीटर प्रतिसेकंद वेग लागतो. .३०८ ची तक्त्यातली गोळी ३६५ मीटरवर त्याच्याही खाली जाते. तिथे ती सुईसारखी आरपार जाऊन लहानसं भोक पाडते आणि जनावर दूरवर पळतं. निखळ तांब्याच्या गोळ्यांना याहून जास्त वेग हवा. बऱ्याच गोळ्यांसाठी मी ६०० धरतो. डेन्मार्कने एप्रिल २०२४ पासून रायफलीतही शिशाच्या गोळ्यांना बंदी घातली आहे, इतरत्रही वारं त्याच दिशेने आहे. मांसात शिशाचे कण राहत नाहीत हा तांब्याचा मोठा गुण. फक्त शिशावरून तांब्यावर येताना आपलं जुनं अंतर तसंच धरू नका. हलकी, वेगवान तांब्याची गोळी घ्या आणि निर्मात्याने दिलेला किमान वेग कोणत्या अंतरावर संपतो ते पाहा.

एक गोष्ट मात्र कुठलंही काडतूस घेतलं तरी टळत नाही: गोळीला पोचायला लागणारा वेळ. २७५ मीटर कापायला .३०८ ची गोळी सेकंदाचे ०.३८ घेते, .३०० मॅग्नमची ०.३४. तेवढ्यात सावकाश चालणारं हरीण जवळपास अर्धा मीटर पुढे गेलेलं असतं. छातीवर धरलेला नेम पोटात लागतो. चाप ओढताना उभं असलेलं जनावर गोळी वाटेत असताना पाऊल टाकू शकतं, आणि यात तुमची चूक शून्य असली तरी भोगतं ते जनावर. १०० मीटरवर हा अवधी ०.१२ सेकंदांच्या आसपास असतो. जवळ जाण्याला पर्याय नाही असं मी म्हणतो ते यासाठी.

कुणी एकच उत्तर मागितलं तर: फक्त हरणं आणि हलका धक्का हवा असेल तर ६.५ क्रीडमूर, सगळ्या प्रकारचं सावज एका रायफलीत हवं असेल तर .३०-०६, दाट रानात .३०-३० किंवा .३०८. अंतर मात्र तिन्हींना तेच, तुमच्या चकतीचं. वारा असेल, दम लागला असेल, उजेड उतरला असेल तर त्याच्याही निम्मं.

आणि बार टाकण्याआधी जनावर उभं आहे ती जागा एखाद्या झुडपावरून, दगडावरून डोळ्यांत पक्की करा. ३०० मीटर चालून पलीकडच्या उतारावर पोचेपर्यंत सगळी झुडपं सारखी दिसू लागतात आणि रक्ताचा पहिला थेंब सापडायलाच तास जातो. फुप्फुसात लागल्याची खात्री असली तरी अर्धा तास थांबा. पोटात लागल्याची शंका असेल तर कित्येक तास, नाहीतर जखमी जनावर उठून आणखी लांब जातं. माग काढणारा शिकवलेला कुत्रा मिळण्यासारखा असेल तर शिकारीला निघण्याआधीच त्याच्या मालकाशी बोलून ठेवा.