कार्पेटखालची वायर

गाडीत दुसरा अँप, म्हणजे स्पीकरला ताकद देणारा अँप्लिफायर, बसवून घ्यायचा विचार असेल, तर माझ्यासोबत काय झालं ते आधी वाचा. माझे बारा हजार दोनशे गेले. पण माझी मुलगी मागच्या सीटवर बसली होती आणि तिच्या पायाखाली वायर वितळत होती, हे मला पैशांपेक्षा जास्त लागलं.

चार वर्षांपूर्वी मी दारांच्या स्पीकरसाठी चार चॅनेलचा अँप बसवून घेतला होता. आमच्या नाशिकच्याच एका ओळखीच्या कारागिराने तो बसवला होता. आठ गेजची (गेजचा आकडा जितका लहान तितकी वायर जाड) शुद्ध तांब्याची वायर, बॅटरीजवळ ६० अँपियरचा फ्यूज. एकदाही तक्रार आली नाही. यंदा वूफर, म्हणजे ठेक्याचा मोठा स्पीकर घेतला आणि त्याच्यासाठी वेगळा मोनो, म्हणजे एकाच चॅनेलचा अँप. तो कारागीर आता गावी गेलाय, म्हणून मी एका चांगल्या चालणाऱ्या दुकानात गेलो.

दुकानदाराने समजावून सांगितलं ते अगदी बरोबर होतं. तो म्हणाला, "दादा, दोन अँपला आठ गेज पुरणार नाही. बॅटरीपासून डिकीपर्यंत नवी चार गेज ओढू, प्युअर कॉपर. डिकीत डिस्ट्रिब्युशन ब्लॉक लावून तिथून दोघांना वेगवेगळी लाइन देऊ. अर्थिंग जवळच्या पत्र्यावर, रंग खरवडून." डिस्ट्रिब्युशन ब्लॉक म्हणजे एका जाड वायरचे फाटे करणारा जोड. काम असंच करतात. त्याला सगळं ठाऊक आहे हे ऐकूनच माझा विश्वास बसला. वायरिंग किटचे साडेसहा हजार, मजुरी अडीच हजार. बिल मागितलं तर वहीच्या कागदावर आकडे लिहून दिले. पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी वेगळा पडेल म्हणाला, आणि मी गप्प बसलो. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक म्हणजे काम चालू असताना मी घरी निघून गेलो. संध्याकाळी आलो तेव्हा त्याने बॉनेट उघडून अंगठ्याएवढी जाड लाल वायर दाखवली. डिकीत ब्लॉकलाही तशीच जाड लाल वायर जोडलेली होती. जुनी वायर कुठे आहे विचारलं, तर "ती निकामी होती, टाकून दिली" असं उत्तर मिळालं.

आठवडाभरात त्रास सुरू झाला. रात्री ठेका जोरात पडला की हेडलाइट मंद व्हायचे. आवाज थोडा वाढवला की मोनो अँपवर लाल दिवा लागून तो बंद पडायचा आणि मिनिटभराने आपोआप चालू व्हायचा. दुकानात गेलो. त्याने दोन मिनिटं ऐकलं आणि कपॅसिटर लावायला सांगितला. तीन हजार दोनशे आणखी दिले. आता कळतं की कपॅसिटर वीज तयार करत नाही, क्षणभरासाठी साठवतो एवढंच. मागून येणारी वायरच कमी पडत असेल तर तो भरणार कुठून?

दिवाळीनंतर ठाण्याहून परत येत होतो. कसारा घाट चढून इगतपुरीच्या जवळ आलो तेव्हा मुलगी म्हणाली, "बाबा, प्लॅस्टिक जळल्यासारखा वास येतोय." गाडी कडेला घेतली, सगळ्यांना खाली उतरवलं. मागच्या दाराच्या पट्टीजवळ कार्पेटवर हात ठेवला तर चटका बसला. टूलकिटमध्ये १० नंबरचा पाना होता म्हणून वाचलो. बॅटरीचा निगेटिव्ह काढून बाजूला केला आणि अर्धा तास तिथेच थांबलो. गाडीच्या वायरिंगची जुजबी माहितीही नसली तरी हा पाना हाताशी ठेवा आणि निगेटिव्ह कसा काढायचा हे घरातल्या दुसऱ्या एकाला शिकवून ठेवा.

दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतल्या इलेक्ट्रिशियन मामांकडे गेलो. मामांनी आधी काहीच उघडलं नाही. निगेटिव्ह जोडून इंजिन चालू ठेवलं, गाणं लावलं आणि मीटर धरला. बॅटरीवर १३.६ व्होल्ट, डिकीतल्या ब्लॉकवर ११.१. "अडीच व्होल्ट वाटेत खाल्ले जातायत. वाटेत काहीतरी आहे," एवढंच बोलले आणि दाराची पट्टी उपसली.

पुढून आलेली जाड वायर ड्रायव्हरच्या पायाशी संपली होती. तिथे तिला पेन्सिलीसारखी बारीक वायर पिळून जोडली होती आणि वर काळी टेप गुंडाळली होती. मागच्या सीटपाशी पुन्हा तसाच जोड आणि तिथून डिकीपर्यंत पुन्हा जाड वायर. दोन्ही टोकांना, जिथे माझी नजर जाणार तिथे, चार गेज. मधल्या दहा फुटांत हलका माल. मागच्या जोडावरची टेप विरघळून कार्पेटला चिकटली होती.

मामांनी त्या बारीक वायरची एक तार घेऊन ब्लेडने खरवडली. वरचा तांबूस थर निघाला आणि आत पांढरी चकाकी दिसली. अ‍ॅल्युमिनियम, वरून तांब्याचा मुलामा. अशी वायर तेवढ्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्केच वीज वाहून नेते आणि पिळलेल्या जोडात अ‍ॅल्युमिनियमवर गंजासारखा थर चढत गेला की तो जोड तापतच जातो.

मग फ्यूज बघितला. १५० अँपियर! मामा पहिल्यांदा चिडले ते इथे. बॅटरीजवळचा फ्यूज अँपसाठी नसतो, वायरसाठी असतो. वायर जेवढा भार सोसेल त्याच्या आत फ्यूज हवा, म्हणजे वायर जळण्याआधी फ्यूज उडतो. इथे वायर पेटली असती तरी तो फ्यूज हलला नसता. वायर कमकुवत आहे हे माहीत असताना मोठा फ्यूज लावणं मला हलकी वायर घालण्यापेक्षाही वाईट वाटतं.

मामांनी नवी चार गेज आणायला मलाच पाठवलं आणि जाताना तोलून घ्यायला सांगितलं. चार गेज म्हणजे २१ स्क्वेअर एमएम. पाच मीटर शुद्ध तांब्याची नुसती तारच ९४० ग्रॅमच्या आसपास भरते, वरचं आवरण वेगळं. हातात घेतलेलं बंडल हलकं लागलं की तिथेच थांबा. काही वायरींचं आवरणच जाड असतं, वर चार गेज छापलेलं असतं आणि आत तार निम्मी. म्हणून टोक सोलून बघा. दुकानदार सोलू देत नसेल तर घेऊ नका.

अँपच्या वॅटचंही तेच. माझ्या मोनोच्या खोक्यावर ३००० वॅट लिहिलंय. त्याच्या अंगावर ३० अँपियरचे दोन फ्यूज आहेत. ६० गुणिले १४ व्होल्ट, म्हणजे आत जाणारी वीजच जेमतेम ८४० वॅट. बाहेर त्याहून कमीच येणार. खोक्यावरचा आकडा सोडा, अँपवरचे फ्यूज मोजा आणि आरएमएस, म्हणजे अँप सतत देऊ शकतो ते खरे वॅट, किती ते विचारा. किती जाड वायर लागेल हे मुख्यतः त्यावरून ठरतं.

कार्पेट दाबायच्या आधी मामांनी मला बोलावलं आणि अखंड वायरचा फोटो काढायला लावला. बॅटरीपासून वीतभर अंतरावर १०० अँपियरचा फ्यूज, पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी बूच. मीटरवर आता डिकीत १३.२ दिसतात. हेडलाइट मंद होत नाहीत. कपॅसिटर काढून टाकला.

जळलेला जोड आणि फोटो घेऊन मी दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "बिल दाखवा." २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा आहे, हे मला तेव्हा माहीत नव्हतं. नंतर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे ऑनलाइन दिल्याची नोंद आणि मीटरचे फोटो जोडले. जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारीही ठेवली होती. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, फक्त दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तीन आठवड्यांनी दुकानदाराचा फोन आला. किट आणि कपॅसिटरचे पैसे परत केले, मजुरी दिली नाही. माझी जुनी तांब्याची वायर मागितली, तर ती त्याने भंगारात विकून टाकली होती.